लाल ट्रेमधल्या त्रेचाळीस काचा

आभार मानायची मला सवय नाही. भांडायची आहे. शाळेत 'ढापणी' म्हणणाऱ्या पोरांशी भांडले, लग्नानंतर सासूशी भांडले, आणि बारा वर्षं घरी बसून पुन्हा नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रिंटरशी भांडले. नवरा म्हणतो, तुझ्या नाकावर चष्मा नसता तर तिथं कायमचा रागच बसला असता. तर अशा बाईला एका माणसाचे आभार मानायचेत, आणि ते सगळं सविस्तर सांगूनच मानावे लागतील, कारण नुसतं 'थँक्यू' म्हटलं तर तो म्हणेल, "कशाबद्दल मॅडम?" म्हणालाही आहे.

त्या माणसाला सगळे नंबरकाका म्हणतात. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ते चाळीस वर्षं आहेत. रस्त्यात कुणी भेटलं तर आधी त्याचा चष्मा बघतात, मग चेहरा. नावं विसरतात, नंबर विसरत नाहीत.

माझी कंपनी म्हणजे चार माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा. लहान लहान कारखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून देतो. या वर्कशॉपचं काम आलं तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात चष्मा फक्त मला. तुला यातलं कळत असेल, असं साहेब म्हणाले. मला काय कळत होतं? तीस वर्षं चष्मा लावला म्हणून कुणी काचेतलं शहाणं होत नाही, हे तेव्हा त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

काम तसं सरळ होतं. दुकानांकडून चिठ्ठ्या येतात, चिठ्ठीवरच्या नंबराप्रमाणे काच घासली जाते, आणि शेवटी खिडकीजवळच्या तीन टेबलांवर तपासणी होते. तपासणारा माणूस लेन्सोमीटर नावाच्या यंत्रातून काच बघतो, तिचा नंबर वाचतो आणि कॉम्प्युटरमध्ये टाइप करतो. माझ्या प्रोग्रामनं एवढंच सांगायचं की हा नंबर आणि चिठ्ठीवरचा नंबर सारखा आहे का. सारखा असेल तर पडदा हिरवा, नसेल तर लाल. लाल झालेली काच लाल ट्रेमध्ये. वर्कशॉपच्या मालकीणबाईंचा नियम कडक होता: लाल ट्रेमधली काच पुन्हा कुणी तपासत बसायचं नाही, ती फोडायची, नवीन बनवायची आणि ती नवीन काच दुसऱ्याच टेबलावर तपासायची.

आता 'सारखा' या शब्दापाशी माझं घोडं कसं अडलं ते सांगते. चष्म्याच्या काचेला तीन आकडे असतात. एक गोल नंबर, दुसरा सिलिंडरचा, म्हणजे काच एकाच दिशेनं जास्त वळलेली असते त्याचा, आणि तिसरा त्या सिलिंडरचा कोन. या तिघांचं मिळून मी प्रोग्राममध्ये एक ऑब्जेक्ट, म्हणजे एक गाठोडं, केलं आणि लगेच टेस्ट लिहिली. टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारा छोटा प्रोग्राम. पहिली टेस्ट मी माझ्याच उजव्या डोळ्याची लिहिली, कारण तो नंबर मला पाठ आहे: मायनस तीन, प्लस एक, कोन नव्वद. हेच आकडे घालून दोन ऑब्जेक्ट केली आणि विचारलं, ही दोन सारखी आहेत का? उत्तर आलं, नाही.

जावाची ही खोड आहे. तुम्ही काही सांगितलं नाही तर दोन वेगवेगळी ऑब्जेक्ट तिच्या लेखी कधीच सारखी नसतात, आतले आकडे तंतोतंत एक असले तरी. सारखं म्हणजे काय, ते तुम्ही तिला इक्वल्स नावाच्या मेथडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका छोट्या तुकड्यात, लिहून द्यायचं असतं. मला राग आला होता आणि जेवायची वेळ झाली होती. प्रोग्राम लिहायच्या खिडकीत एक सोय असते, दोन बटणं दाबली की इक्वल्स आपोआप लिहून मिळतं: तिन्ही आकडे एकास एक ताडून बघ, जुळले तर सारखं. मी बटणं दाबली, टेस्ट हिरवी झाली आणि मी डबा उघडला.

त्यानंतर आणखी एक गोम निघाली. जावामध्ये एका प्रकारचे आकडे असे असतात की एक दशांश स्थळापर्यंत लिहिलेले दोन आणि दोन स्थळांपर्यंत लिहिलेले दोन ती वेगवेगळे धरते. हे मी एकटीनं शोधून काढलं तेव्हा छाती अशी फुगली की लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, दोन म्हणजे दोनच ना?" मी म्हटलं, "हेच तर त्या गाढवाला कळत नव्हतं." शेवटी चोवीस टेस्ट झाल्या, चोवीसही हिरव्या. टेस्टसाठी घाईत लिहून घेतलेलं तेच इक्वल्स मी खिडकीजवळच्या तीन टेबलांवर नेऊन बसवलं.

महिन्याभरानं मालकीणबाईंचा फोन आला. प्रोग्राम उत्तम चालू आहे, म्हणाल्या. फक्त प्रत्येक टेबलावर किती काचा लाल झाल्या त्याचा कागद काढून हवा होता. "एका माणसाला दाखवायचाय," एवढंच बोलल्या.

मी गेले. वर्कशॉपमध्ये घासणीच्या यंत्रांचं पांढरं पाणी नळीतून बादलीत पडत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मालकीणबाईंच्या काचेच्या केबिनमध्ये बसून मी कागद काढला. पहिलं टेबल, शून्य. दुसरं टेबल, शून्य. तिसरं टेबल, त्रेचाळीस.

"तिसरं म्हणजे काका," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी कागद हातात घेतला नाही. "मी त्यांच्याकडूनच काम शिकले. वडिलांनी मला त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसवलं होतं. पण त्रेचाळीस काचा. त्याच काचा पुन्हा बनवल्या आणि पहिल्या दोन टेबलांवरच्या दोघींकडे पास झाल्या. म्हणजे काच घासणाऱ्याचीही चूक नाही. मी परवा बोलले त्यांच्याशी. शनिवारपासून ते येणार नाहीत. स्वतःच म्हणाले, डोळे गेले असतील."

तो दिवस गुरुवार होता.

मला त्या त्रेचाळीसनं नाही, त्या दोन शून्यांनी टोचलं. महिनाभर काम करून एकही चूक नाही? माझ्या घरात मी एक दिवस तसा काढलेला नाही. मी म्हटलं, जरा टेबलांकडे जाऊन येते. मालकीणबाई म्हणाल्या, जा, पण त्यांना आणखी काही विचारू नका, आधीच खचलेत.

पहिल्या दोन टेबलांवरच्या बाया मोकळ्या स्वभावाच्या होत्या. कसं तपासता विचारलं तर एकीनं लगेच करून दाखवलं. चिठ्ठी समोर लावली, तिच्यावरचे आकडे यंत्राच्या चाकावर लावले, डोळा लावला. "रेघा स्पष्ट दिसल्या की काच बरोबर. मग चिठ्ठीवरचं टाइप करायचं." सरळ काम होतं आणि त्यात लबाडी काही नव्हती.

नंबरकाकांची चिठ्ठी मात्र टेबलावर उलटी पडलेली होती. पाठीवरचा बारकोड त्यांनी वाचून घेतला, पुढचं काही बघितलंच नाही. काच यंत्राखाली धरली, चाक फिरवत फिरवत स्वतः नंबर शोधला, मग टाइप केला. पडदा हिरवा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चिठ्ठी का नाही बघत?" मी विचारलं.

"आधी चिठ्ठी बघितली की डोळा चिठ्ठीचं ऐकतो मॅडम, काचेचं नाही." मग म्हणाले, "मला असंच शिकवलंय. आता डोळ्यांनाच ऐकू येत नाही म्हटल्यावर काय."

त्यांनी मला स्टूल दिलं. कपाटातून स्वतःचा पाण्याचा तांब्या काढला. सामान आवरायला घेतलेलं दिसत होतं: एका खोक्यात जुनी वही, मऊ फडकी, एक छोटा स्क्रूड्रायव्हर.

"तुमचे आभार मानायचे होते," ते म्हणाले.

"माझे?"

"तुमचा प्रोग्राम आला म्हणून कळलं. नाहीतर मी आपला बघतोय, पास करतोय, आणि लोकांच्या डोळ्यांवर चुकीचे चष्मे. कुणाचं डोकं दुखलं असतं, कुणी जिन्यावरून पडलं असतं. पाप लागलं असतं मला. तीन आठवडे झाले, स्कूटर पण बंद केली. चालत येतो. पाऊण तास लागतो, लागू दे. ज्याला हातातली काच दिसत नाही त्यानं रस्त्यात लोकांच्या पोरांमधून गाडी का चालवावी?"

हे ते अगदी साधेपणानं बोलले, भाजी महागली म्हणतात तसं. अशा वेळी बोलायच्या ऐवजी मी काहीतरी करते. मी चष्मा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "काका, माझी उजवी काच बघा."

खरं सांगते, मला त्यांना धीर द्यायचा होता. ते बरोबर सांगतील, मी म्हणेन बघा, डोळे शाबूत आहेत, असं काहीसं मनात होतं. त्यांनी काच यंत्राखाली धरली. चाक हळूहळू फिरवलं. चष्म्याशिवाय मला त्यांचा चेहरा म्हणजे नुसता धुरकट गोळा दिसत होता.

"मायनस दोन," ते म्हणाले. "सिलिंडर मायनस एक. कोन एकशे ऐंशी."

माझा नंबर मायनस तीन, प्लस एक, नव्वद. तीनपैकी तीन आकडे चुकले होते. म्हणजे माणूस खरंच संपला होता, आणि प्रोग्राम बरोबर होता, आणि मी उगाच त्या बिचाऱ्याची आणखी एक परीक्षा घेऊन ठेवली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं, पण मला ते पटकन जमत नाही. "काका, माझा नंबर मायनस तीन, प्लस एक, नव्वद आहे."

ते म्हणाले, "मग तेच की."

"तेच म्हणजे?"

"तेच म्हणजे तेच. काच तीच. लिहायच्या दोन पद्धती." त्यांनी जुनी वही ओढली आणि शिसपेन्सिलीनं मोठ्या आकड्यात लिहिलं, मला चष्म्याशिवाय दिसावं म्हणून. गोल नंबरात सिलिंडर मिळवा: मायनस तीन अधिक एक, मायनस दोन. सिलिंडरचं चिन्ह उलटं करा: प्लस एकचा मायनस एक. कोन नव्वद अंशांनी फिरवा: नव्वदचा एकशे ऐंशी. "काही डॉक्टर प्लसमध्ये लिहितात, काही मायनसमध्ये. आम्ही यंत्रावर कायम मायनसमध्येच वाचायचं, अशी सवय लावलीय आम्हाला. हे तर पहिल्या दिवशी आलेल्या माणसालासुद्धा..."

तिथं ते थांबले. वहीवरची पेन्सिल तशीच राहिली.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मला त्या दिवशी स्टूलवर बसल्या बसल्या कळलं. शेजारच्या दोघी चिठ्ठी बघून चिठ्ठीच्याच पद्धतीनं टाइप करत होत्या, म्हणून त्यांचं कायम सारखं. हा माणूस प्रामाणिकपणे चिठ्ठी उलटी ठेवून वाचत होता, म्हणून प्लसमध्ये लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी त्याच्या टेबलावर लाल. मी लिहिलेल्या, म्हणजे लिहिलेल्याही नाही, जेवायच्या घाईत दोन बटणं दाबून मिळवलेल्या इक्वल्सप्रमाणे मी नाकावर घातलेला चष्मासुद्धा माझा नव्हता.

"तुम्ही बोलला का नाहीत कुणाला?" मी जवळजवळ खेकसले. राग माझाच मला आला होता, निघाला त्यांच्यावर.

"मला काय माहीत चिठ्ठीवर काय होतं? मी चिठ्ठी बघतच नाही. लाल झालं की ट्रेमध्ये टाकायचं, नियम आहे." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि कॉम्प्युटरला एवढं तर सांगितलं असेलच, असं वाटलं."

मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी कुणाला विचारलंही नव्हतं.

खोक्याच्या तळातून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. शेवटच्या आठवड्यातल्या अकरा लाल काचा त्यांनी फोडायला दिल्याच नव्हत्या. आपली चूक नेमकी कुठं होते ते घरी बघायचं होतं म्हणे. प्रत्येक काचेवर ऑर्डरचा आकडा चिकटवलेला होता. मी चष्मा घातला, कॉम्प्युटर ओढला, आणि एकेक चिठ्ठी काढत आम्ही दोघं वहीवर मांडत गेलो. अकराही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरीणबाईंच्या, अकराही प्लसमध्ये. माझ्या डोळ्यांचा नंबरही त्यांनीच काढलेला. दहा काचा नंबराला पक्क्या निघाल्या. अकरावी कशीही मांडली तरी जुळेना, कोन दहा अंशांनी चुकत होता.

"ही खरीच चुकलीय," काका म्हणाले. "घासतानाच सरकलीय." आणि महिन्याभरानं पहिल्यांदा त्यांच्या आवाजात थोडा रुबाब आला.

आता एक गोष्ट कबूल करते. केबिनकडे जाताना माझ्या मनात आलं होतं की प्रोग्राममध्ये गुपचूप दुरुस्ती करावी आणि सांगावं, नवीन सुधारणा केलीय, काकांना आता सोपं जाईल. कुणाला कळलं नसतं. पण मग त्या कागदावरचे त्रेचाळीस काकांच्याच नावावर राहिले असते, आणि ते शुक्रवारी संध्याकाळी खोकं घेऊन पायी घरी गेले असते, माझे आभार मानत. ते मला सहन झालं नसतं.

मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही पाहिली. त्या काचेतल्याच असल्यामुळे त्यांना समजायला अर्धं मिनिट लागलं, आणि चेहरा असा झाला की मी नाक मुठीत धरून उभी राहिले.

"तुमच्या त्या चोवीस टेस्ट?" त्या म्हणाल्या. "फार सांगत होता तुम्ही."

"टेस्ट मीच लिहिल्या, आणि सारखं कशाला म्हणायचं तेही मीच ठरवलं. त्यामुळे सगळं मला हवं तसंच आलं. काकांना एकदा विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं."

"आणि आधीच्या बत्तीस काचा?"

"फोडल्या. त्यांचं आता सांगता येणार नाही. पण या अकरापैकी काकांची चूक एकही नाही."

मालकीणबाई उठल्या. मला वाटलं, मला बाहेर काढतात. त्या माझ्या शेजारून निघून थेट तिसऱ्या टेबलापाशी गेल्या. यंत्रांच्या आवाजात काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. खोक्यातून त्यांनी स्वतः फडकी काढली, वही काढली, स्क्रूड्रायव्हर काढला आणि एकेक टेबलाच्या खणात परत ठेवला. काका खाली बघत होते. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढून बराच वेळ पुसला.

शुक्रवारी दिवसभर मी त्यांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले. मालकीणबाई शिकायला बसल्या होत्या तसंच. मी इक्वल्स पुन्हा लिहायला घेतलं, या वेळी हातानं. कुठलीही पद्धत असो, आधी मायनसमध्ये आणायचं, मग ताडायचं. ऑब्जेक्टची ओळख म्हणून जावा एक आकडा ठेवते, तोही याच रूपावरून काढायचा, नाहीतर सारख्या ठरलेल्या दोन काचा ती वेगवेगळ्या कप्प्यांत शोधत बसते. मी टेस्ट लिहीत होते आणि काका शेजारून कोडी घालत होते.

"कोन एकशे ऐंशी असेल तर नव्वद मिळवून किती?"

"दोनशे सत्तर."

"असा कोन चष्म्यात नसतो मॅडम. वजा करा."

टेस्ट लाल. दुरुस्त केलं.

"शून्य आणि एकशे ऐंशी?"

"वेगळे."

"एकच रेघ आहे. सारखे." आणि मग, "सिलिंडरच नसेल तर कोन कुठलाही लिहिलेला असू दे, सारखेच. गोल चेंडू कसाही फिरवला तरी गोल."

दुपारपर्यंत मी इतकी वाहवत गेले की म्हटलं, मग दोन-चार अंशांचा फरकही सारखा धरून टाकू का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सारखं म्हणताना हात सैल सोडायचा नाही. किती फरक चालतो, ते वेगळं विचारायचं. चालतं म्हणजे सारखं नव्हे." त्यांना जावाचं अक्षर माहीत नाही, पण जावाची जाडजूड पुस्तकंही हेच सांगतात, आणि ती वाचून मला जे समजलं नव्हतं ते मला त्या स्टूलवर समजलं. संध्याकाळी एकेचाळीस टेस्ट झाल्या. चोवीस माझ्या, सतरा त्यांच्या. पहिली अजूनही माझ्या उजव्या डोळ्याची आहे, पण आता तिच्यात माझी चिठ्ठी एका बाजूला आहे आणि काकांनी वाचलेला नंबर दुसऱ्या बाजूला.

शेजारच्या दोघीही आता चिठ्ठी उलटी ठेवतात. पहिल्याच आठवड्यात दोघींच्या टेबलावर मिळून पाच काचा लाल झाल्या, आणि पाचही खऱ्या चुकलेल्या होत्या. काका ट्रेकडे बघून म्हणाले, "छान." दोघी फुरंगटल्या होत्या, पण तेवढ्यापुरत्याच.

टेस्ट लिहिल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मला तिकडे जायचं काही कारण नव्हतं. तरी सकाळी गेले. नऊला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी जुन्या इंजिनाचा फटफट आवाज आला आणि एक करड्या रंगाची स्कूटर वळली. काका ताठ बसले होते. फाटकापाशी थांबून त्यांनी पाय टेकला आणि मला पाहिलं.

मी घरून तयारी करून आले होते, वाक्य पाठ होतं. "काका, थँक्यू," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं विसरले.

"कशाबद्दल मॅडम?"

मला रडू येत होतं म्हणून मी रागावल्यासारखं केलं. "काही नाही. मला बस स्टॉपवर जायचंय."

त्यांनी घड्याळात पाहिलं, मग मागच्या सीटवरची धूळ हातानं झटकली. "बसा," ते म्हणाले. "अजून पाच मिनिटं आहेत."

मी बसले. रस्त्यात शाळेची पोरं होती, एक हातगाडी होती, एक कुत्रं मध्येच आडवं आलं. काकांनी सगळ्यांमधून गाडी सावकाश, नीट काढली.